मी हितंच हाय

आये, परवा तुझी मैत्रीण दवाखान्यात आली होती. तुझ्याबरोबर हिरडा गोळा करायला जायची ती, ताम्हिणीच्या वरच्या वस्तीवरची. तिला कुत्रं चावलं होतं. आता पार वाकली आहे, पण तोंड तसंच आहे. मी तिची पोटरी साबणाने धूत होते तर म्हणाली, "नीट धू गं बाई. त्या कुत्र्याला काय झालं आसंल, देवाला ठावं. मला चावलंय बिचारं." मी हसले. मग इंजेक्शन भरेपर्यंत ती आपल्या त्या मधमाश्यांच्या दिवसाबद्दल काहीतरी बोलली. ते ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. आज पावसामुळे दुपारी कुणी पेशंट नाही, लसीकरणाच्या जुन्या रजिस्टरची मागची पानं कोरी आहेत, म्हणून लिहायला बसले.

तो दिवस मला माहीत होता तो असा. मी सात वर्षांची आहे. उन्हाळा आहे, तुम्ही पाच बायका डोंगराच्या उतारावर हिरडा वेचताय आणि मी तुझ्या मागे मागे. वर उंच झाडावर आग्या मोहोळ आहे. कुठल्याशा पाखराने त्याला धक्का दिला असणार. आधी आवाज येतो, मग आभाळ काळं होतं. तू हिरड्याचं गोणपाट रिकामं करून माझ्यावर टाकतेस आणि मला जमिनीवर दाबून धरतेस. आत अंधार आहे, हिरड्याचा तुरट वास आहे. तुझा आवाज येतो, "हात हलवू नगं. अजाबात हलू नगं. मी हितंच हाय." मी हलत नाही. किती वेळ गेला ते कळत नाही. तुम्ही गोणपाट काढता तेव्हा तुझं तोंड सुजून ओळखू येत नाही, आणि मला एकसुद्धा माशी चावलेली नाही.

तू माझ्या शेजारीच निपचित पडून होतीस, तुझ्यासाठी दुसरं गोणपाट उरलं नव्हतं, असंच मी धरून चालले. पुढे मी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. नर्सिंगला असताना मैत्रिणींना, नंतर मुलीला. हल्ला झाला की हलायचं नाही, हात उचलायचा नाही, येणारं आपोआप निघून जातं. माझ्या आईने मला हे शिकवलं, असं मी म्हणायचे.

तू गेलीस त्याला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माणसावर काय काय चालून येतं ते मी माले गावच्या दवाखान्यातल्या या टेबलापाशी बसून बघितलं. रानडुक्कर, बैल, साप. बांधावरून भावानेच डोक्यात घातलेलं फावडं. विकलेल्या जमिनीला कुंपण घालायला आलेल्या बाहेरच्या पोरांनी मोडलेला म्हाताऱ्याचा हात. आणि बायका. बायका पडतात. न्हाणीत पडतात, ओट्यावरून पडतात, आणि पडल्यावर गालावर बोटं उमटतात. मी रजिस्टरमध्ये "पडल्याने" असं लिहिते, कारण ती तसं सांगते आणि नवरा दारात उभा असतो. रानडुकराने मांडी फाडलेला गडी महिन्याभरात धोतर वर करून सगळ्यांना खूण दाखवत फिरतो. या बायका मात्र कापूस जास्त लागला म्हणून माझी माफी मागतात. त्यांनाही मी हेच सांगत आले. वाद घालू नका, उलट बोलू नका, थोडं शांत राहा.

तुझी नात तुला आठवत असेल. तू गेलीस तेव्हा दोन वर्षांची होती. तुझ्या डाव्या डोळ्यातून सारखं पाणी यायचं, ते ती आपल्या फ्रॉकने पुसायची. ती शिकली, कंपनीत लागली, मारुंजीला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहू लागली. कंपनीतल्या एकाला तिने लग्नाला नाही म्हटलं. त्याने तिचा फोटो आणि नंबर इंटरनेटवर अशा ठिकाणी टाकला, की ते तुला कसं समजावून सांगू मला कळत नाही. दिवसभर अनोळखी पुरुषांचे फोन येऊ लागले. काय बोलायचे ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ऑफिसात ती आली की बोलणी थांबायची. सोसायटीचा एकजण खोलीच्या दारात येऊन म्हणाला, "इथे फॅमिलीज राहतात, मॅडम."

तिने मला फोन केला तेव्हा मी इथंच बसले होते. म्हणाली, "आई, मला पोलिसांत जायचंय. तू ये ना माझ्याबरोबर."

मी म्हटलं, "गप्प राहा. उत्तर देऊ नकोस, नंबर बदल. आपण हललो नाही की कंटाळून जातात. घाबरू नकोस, मी आहे ना इथं."

मग म्हणाली, "हो, आई. गोणपाट. माहितीये मला."

तिने माझं ऐकलं. नंबर बदलला, तो नवा नंबरही पसरला. ती तशीच रोज कामावर जात राहिली. पाच महिन्यांनी एका दुपारी ऑफिसात तिचा श्वास अडकला, हातपाय गार पडले. हार्ट अटॅक आला असं सगळ्यांना वाटलं. तपासण्यांत काहीच निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक आहे, मनाचा आहे. मी तिला घरी घेऊन आले. त्याला दीड वर्ष झालं. ती जेवते, कपडे घडी करते, गोळ्या वेळेवर घेते. रस्त्यावर मोटरसायकल थांबली की आतल्या खोलीत जाते. दिवसासुद्धा चादर डोक्यावरून घेऊन निजते, आणि तिच्या अंगावर मला धुवायला, बांधायला कुठेही जखम नाही.

तर परवा तुझी मैत्रीण काय म्हणाली ते सांगते. मी म्हटलं, आये शेजारी पडून होती म्हणून मी वाचले. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या खुळ्या पोरीकडे बघतात.

"कुनी सांगितलं तुला? ती कुटली पडून ऱ्हातीया. माश्या तुज्या गोणपाटावर बसाया लागल्या, तशी उठली ती. पदर सोडला, हात झाडत, वरडत, मुद्दाम माश्यांस्नी मारत वढ्याकडं पळाली. समद्या तिच्या मागं गेल्या. म्हैस उधळावी तशी पळाली बग, आमच्या जल्मात आसं कुनी पळाल्यालं न्हाई."

"आन तुमी?" मी विचारलं. तुझ्या माणसांशी बोलताना माझ्या तोंडून अजून तसंच येतं.

"आमी चौघी करवंदीच्या जाळीत दडलो व्हतो. कुनी हाललो न्हाई." मग तिने लुगडं पोटरीवर ओढून घेतलं. "तिचा डावा डोळा त्याच दिशी गेला. पापनीतच माशीचा काटा मोडला व्हता. तुला ठावं न्हाई व्हय?"

नव्हतं ठाऊक. नोकरी लागल्यावर मी तुला डोळ्यांचे थेंब आणून दिले होते. तू चुलीपुढे बसली होतीस. म्हणालीस, "धुरानं पानी येतंय गं. आवषीद घालून धूर जातुय व्हय?" आणि मी मान्य केलं. शिकलेली नर्स मी, पण तो डोळा एकदाही उजेडात धरून बघितला नाही.

तू "मी हितंच हाय" म्हणालीस आणि पळालीस. मी "मी आहे ना इथं" म्हटलं आणि खरोखर इथंच, या खुर्चीत बसून राहिले. ती तिकडे हलली नाही, आणि तिच्यासाठी पळायला कुणीच नव्हतं.

आता तक्रार करू या का, असं मी काल तिला विचारलं. चादरीतूनच म्हणाली, "नको, आई. आता झोपू दे." त्या मुलाचं लग्न झालं, असं तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

तुझ्या पळण्याची गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही, आणि सांगेन असं वाटत नाही. सांगितली तर ती मला विचारेल, मग तू का नाही आलीस? त्याचं उत्तर मला फोन आला त्याच दिवशी ठाऊक होतं. तिच्याबरोबर चौकीत जाऊन उभी राहिले, तर इथल्या गावांत "सिस्टरची पोरगी" म्हणून बोलतील, रोज या टेबलापाशी येणाऱ्या बायका माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतील, याची मला भीती वाटली. मी तिला गोणपाटाखाली ठेवलं आणि स्वतः जाळीत लपले.

पाऊस कमी झाला आहे. बाहेर बाकावर एक बाई येऊन बसली आहे, कपाळाला पदर धरून. तिचा नवरा दारात उभा आहे. ती आत आली की पडले म्हणेल. मी काय लिहीन, ते मला अजून माहीत नाही. ही पानं मी फाडून रद्दीच्या गठ्ठ्यात खाली घालणार आहे.