डब्यागणिक एक फोटो

२ मे
मिळाली एकदाची नोकरी, तीही गिझाच्या स्टुडिओत! सिनेमाच्या फिल्मचा नवा डबा आला की टीचभर तुकडा कापायचा, साध्या फोटोच्या कॅमेऱ्यात भरायचा, एक फोटो काढून धुवायचा. फोटो ठीक, तर डबा शूटिंगला. तुलना करता यावी म्हणून खुर्ची तीच, चेहराही तोच: इन्साफबाई, सगळ्यांच्या 'सित्त इन्साफ', एकेकाळची नर्तकी. एवढ्या उकाड्यात बाई गळ्याला रुमाल गुंडाळून बसतात. मी सलाम केला, त्यांनी तोंड फिरवलं. साहेब, उस्ताद शाकिर, म्हणाले की आधीचा माणूस पळाला, तू टिकतोस का बघू. टिकणारच. टिकलो की बायकोला, नगातला, मन्सूराहून आणीन.

९ मे
सित्त इन्साफ आजारी. डबे खोळंबले, शाकिर खेकसले. शेवटी टायमर लावून मीच खुर्चीत बसलो. फोटो झकास आला. कँटीनमध्ये हे सांगितलं, तर सगळे चहाचे पेले उचलून दुसऱ्या टेबलावर गेले. गेले उडत.

१२ मे
बाई परतल्या. गळ्याला रुमाल नाही. फोटो त्यांचा काढला, धुतल्यावर खुर्चीत मी. मागून माझ्या मानेवर कुणाची तरी बोटं. शाकिर म्हणाले, फिल्म चांगली आहे, पुढचा डबा घे.

१६ मे
मान ठणकतेय. खणातले जुने-नवे सगळे फोटो काढून पत्त्यांसारखे भरभर उलटले. दिवस वेगवेगळे, हालचाल मात्र सलग, सिनेमासारखी. दोन हात खुर्चीमागून वर येतात, इन्साफच्या मानेशी पोचतात. मग खुर्चीत मी. हात थांबत नाहीत.
बाईंना जाब विचारला. शांतपणे म्हणाल्या, "आजारी कुठली रे पोरा. या खुर्चीत आधी कधीच न बसलेल्या कुणाचा फोटो निघाल्याशिवाय सुटका नसते. आधीचा शहाणा होता, बसला नाही."

१९ मे
कामावर गेलो नाही — तिकडे शाकिरनी इन्साफलाच बसवून पुढचा फोटो काढला असणार — घरीच गळ्याला विळखा — वळ उठलेत —

२१ मे
नगात स्टुडिओत आलीय. मी बोलावलं नव्हतं — शाकिरनी तार केली. इन्साफ काम सोडून गेली, जागा हिला.
माझा आवाज फुटत नाही —
ती खुर्चीत बसलीय. केस सावरतेय. म्हणते, "काढ ना, किती वेळ?"
नगात, ऊठ. बसू नकोस तिथे.
हे पान तिला दाखवायचंय. दाखवतो. पण आधी एक श्वास — एकच — बटण दाबलं की —