पिंपात आधीच होतं

३ जून, मंगळवार
आजपासून भाचीची गणिताची शिकवणी. मी घेणार. ताई म्हणाली, वीसपैकी चौदा पडतायत, बरं चाललंय तिचं, तू कशाला मध्ये? म्हटलं, वरच्या तुकडीला सोळा लागतात, आणि ग्राफ म्हणजे माझा हातखंडा. ताई म्हणाली, बघ बाबा. म्हणजे हो.

४ जून
गणित: पिंपात पाणी सोडलंय, y = 4x + 20. मिनिटाला चार लिटर, हे तिला कळतं. वीस म्हणजे काय, विचारते. सांगितलं, वाय-इंटरसेप्ट. रेषा उभ्या अक्षाला तिथे कापते. तर म्हणे, ते कळलं मामा, पण पिंपात काय होतं? म्हटलं, पिंपात काही होत नाही, जे होतं ते ग्राफवर.
बेसिक्स कच्चे आहेत पोरीचे.

७ जून, शनिवार
शाळेतली टेस्ट. बारा. टीचर खडूस असणार.

१० जून
थिअरी बास. प्रॅक्टिकल. ताईच्या बाथरूममधलं पिंप साठ लिटरचं, नळ मिनिटाला चार. म्हणजे पंधरा मिनिटं. नळ सोडून आम्ही आत ग्राफ काढत बसलो.
बाराव्या मिनिटाला ताईची हाक. पॅसेजमध्ये चपला तरंगत होत्या.
भाची म्हणाली, त्यात वीस लिटर आधीच होतं ना. म्हटलं, मग सांगायचं नाही? म्हणे, पहिल्या दिवसापासून तेच तर विचारतेय.
फरशी मी पुसली. पिंपावरचा आकडा चुकीचा छापलाय.

१४ जून, शनिवार
दहा. दर आठवड्याला बरोबर दोन कमी. निदान रेषा सरळ आहे.
ठरलं: उद्यापासून रोज दोन तास.

१५ जून
भाचीने स्वतः गणित बनवलं. जाम खूश झालो. y = 14 − 2x. x म्हणजे मामाच्या शिकवणीचे आठवडे. चौदा म्हणजे काय? उत्तर तिनेच खाली लिहिलेलं: मामा यायच्या आधीचे मार्क.
त्याखाली बारीक अक्षरात: शनिवारी वरच्या तुकडीची टेस्ट आहे. x दोनवरच थांबवता येईल का?
अर्धा तास चूक शोधली. मिळाली नाही. पूर्ण मार्क दिले.

२१ जून, शनिवार
ताईचा फोन. सतरा. वरची तुकडी मिळाली. आठवडाभर मी तिकडे फिरकलो नव्हतो.
नवीन ग्राफ काढला. रेषा चढती. शून्य म्हणजे मी जायचं बंद केलं तो दिवस. वाय-इंटरसेप्ट दहा.
दहा म्हणजे माझ्या तावडीतून वाचलेले मार्क.