मराठीवाली शिक्षा

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. महिन्यापूर्वी मीटिंगमध्ये मी बोलून गेले, "लेट आनेवालों को शिक्षा मिलनी चाहिए." हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे घाईत विसरलेच. तेव्हापासून तिवारीसाहेब रोज सगळ्यांसमोर, "मैडम, आज किसको शिक्षा देंगी?" सगळे हसतात. दाना ओली मोहल्ल्यातला आपला मराठी जोशीसुद्धा. त्याला अर्थ कळतो, तरी मेला हसतो. आणि मी तरी महिनाभर का ऐकून घेतलं?

आज पुन्हा तेच. मी त्यांच्याविरुद्ध वर पाठवलेल्या लेखी तक्रारीची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली. "आपको, सर. मराठीवाली."

साहेब जोशीकडे वळले. "मराठी में क्या मतलब है इसका?"

जोशी खाली बघत म्हणाला, "सजा, सर."

आज कोणी हसलं नाही.