घंटेचा दोर

सोलापूर, सोमवार, मार्गशीर्ष वद्य पंचमी

जिंकले मी! आज सकाळी मद्रासहून परतलो. तिथली देवळे सासूबाईंनी हौसेने पाहिली, पण समुद्राकाठच्या जुन्या चर्चपाशी अडून बसल्या. "तितं माजं काय काम?" मीही हट्टाला पेटले. एवढ्या लांब जाऊन ते न पाहताच परतायचे?

शेवटी पायरीशी चपला काढून त्या आत आल्या आणि दारातच सवयीने हात वर केला. वर घंटा नव्हतीच! हात तसाच अधांतरी. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आता रागावून माघारी फिरणार का?

तेवढ्यात तिथला म्हातारा घंटावाला हसला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण तो वर केलेला हात त्याला बरोबर कळला. दुपारच्या घंटेची वेळ झालीच होती. त्याने मनोऱ्याखालचा जाड दोर त्यांच्या हाती दिला. सासूबाईंनी पदर खोचला आणि दोर असा ओढला, की वरची सगळी कबुतरे समुद्रावर उडाली!

आज संध्याकाळी सिद्धेश्वराच्या देवळात त्यांनी पुन्हा हात वर केला. घंटा वाजवली, आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "लई बारीक वाजती की गं ही!"