आखाड्याला कसली इद्दत

गफूर वस्ताद, सलाम.

तुम्हाला जाऊन दोन महिने होत आले आणि आज तालीम समितीचा माणूस माझ्या दारात आला. तुमच्या नावानं स्मरणिका काढतायत म्हणे. 'मॅडम, वस्तादांच्या समर्पणावर एक पान लिहून द्या, सोबत तुमचा हसरा फोटो.' त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. त्यांच्या स्मरणिकेला मी एक ओळ देणार नाही. लिहायचंच तर तुम्हालाच लिहिते. तुमच्या नावावर या लोकांनी काय केलं, हे तुम्हाला कोणीतरी सांगायला नको का?

समर्पण! हा शब्द तुमच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तुम्ही पहाटे मूर्तिजापूरच्या आपल्या तालमीचं दार उघडायचे, फावडं घेऊन आखाड्यातली माती खालीवर करायचे आणि आम्हा पोरींकडे न बघता म्हणायचे, 'उतरा.' मी नवी होते तेव्हा एकदा म्हटलं, वस्ताद, आज मन लागत नाही. तुम्ही म्हणालात, 'मन कोनं मांगतलं तुले? आंग आन.' त्या दिवशी राग आला होता. आता मीच पोरींना शिकवते तर तेच वाक्य तोंडात येतं.

आणि हे तुमचं समर्पण सांगणार! अध्यक्षसाहेबांनी उभ्या जन्मात एकदा लंगोट लावला, तोही फोटोपुरता. नागपंचमीला फेटा बांधून यायचे, आखाड्यात नारळ फोडायचे, बुटाला माती लागली की रुमालानं पुसायचे. तुमचाही राग येतो मला, खरं सांगते. त्यांनी वर टिनाचं छप्पर टाकून दिलं म्हणून तुम्ही त्यांना अध्यक्ष केलं आणि वरून चावी दिली. काहून दिली वस्ताद? पावसाळ्यात भिजलो असतो, दुसरं काय झालं असतं?

तुमच्या मय्यतीहून परतलो त्याच संध्याकाळी त्यांनी तालमीला कुलूप घातलं. आत माती, आत मॅट, आत पोरींचे बूट. मी विचारलं, हे काय? तर आवाज खाली आणून म्हणाले, 'चाळिसावा होईपर्यंत तालीम बंद. त्यांच्या धर्मात असते तसं. आपल्याले त्यांच्या भावना जपा लागते.'

त्यांच्या भावना. कोणाच्या? तुमच्या घरी जाऊन चाचींना एका माणसानं तरी विचारलं होतं का?

मला घाई होती ती शीतलची. पातूरची ही पोरगी मावशीकडे राहून तुमच्याकडे शिकत होती, हे तुम्हाला काय सांगायचं. पण अमरावतीची निवड चाचणी चाळिसाव्यानंतर लगेच होती, आणि सतरा वर्षांखालच्या गटात तिचं हे शेवटचं वर्ष. जिंकली तर राज्याला जाणार. हरली तर मोठ्या पोरींच्या गटात पुन्हा तळापासून सुरुवात, आणि तोवर तिचा बाप तिला शिकू देईल की तिचं लग्न लावून देईल, याचा काही भरवसा नव्हता. तुम्हीच त्याच्याकडून हे एक वर्ष मागून घेतलं होतं.

मी चाचींकडे गेले. त्या इद्दतीत बसल्या होत्या. नवरा गेल्यावर बाईनं घराचा उंबरा ओलांडायचा नाही ती मुदत. कुलपाचं सांगितलं तसं त्यांचं रडणंच थांबलं. म्हणाल्या, 'हमारे में घरवालों का सोग तीन दिन का रहता, बेटी. इद्दत मेरी है, बेवा की. आखाडे को कायकी इद्दत?'

हे मी जाऊन अध्यक्षसाहेबांना सांगितलं. त्यावर काय म्हणाले असतील? 'चाची दुःखात हायेत, त्यांले काय समजते. समाजात गैरसमज होईन.' म्हणजे तुमच्या बायकोला तुमचा धर्म हे शिकवणार. मी तिथंच फिरले. अशा माणसापुढे तोंड वाजवण्यात अर्थ नसतो, हे तुम्हीच शिकवलंत. कुलूप तोडायला हवं होतं, असं मात्र रोज वाटतं.

मग चाचींनीच अंगण दिलं. पोरीच होत्या, परक्या पुरुषाचा प्रश्न नव्हता. घरातल्या गाद्या, सतरंज्या, तुमच्या खाटेवरची गादीसुद्धा त्यांनी अंथरून दिली. स्वतः दारात पाट घेऊन बसायच्या. पण अंगण ते केवढं, तुम्हाला माहीत आहे. पट धरून, पाय कवटाळून समोरचीला रेटायला जागा लागते. इथं दोघी झोंबल्या की लगेच भिंत. एका पोरीचं डोकं भिंतीच्या दगडावर आपटलं तेव्हापासून चाची बसल्या जागेवरून ओरडायच्या, 'दीवार, बेटी, दीवार.' ते ऐकलं की पोरी जागच्या जागी थांबायच्या आणि पकड सोडायच्या. मी बघत होते. म्हटलं, बसून राहण्यापेक्षा बरं.

चाळिसाव्याला तुमची शोकसभा झाली. वस्ताद, तुम्ही नव्हता तेच बरं. पुण्याहून एक वक्ता आणला होता, प्रेरणा द्यायला. कोट, कानाला माइक. तुमचं नाव दोनदा चुकला, एकदा 'गफार' आणि एकदा 'गफूरराव'. म्हणाला, वस्तादांनी झोप त्यागली, अन्न त्यागलं, संसार त्यागला. मला हसू आवरेना. तुम्ही रात्री नऊ वाजता घोरायचे, तिसरी भाकर मागून घ्यायचे आणि चाचींना दर शुक्रवारी गजरा आणायचे. मग त्या माणसानं सगळ्यांना उभं केलं, हात वर करायला लावले आणि म्हणायला लावलं, मी जिंकणार. शोकसभेत! समोरच्या रांगेत अध्यक्षसाहेब डोळे मिटून दोन्ही हात वर करून उभे होते. शीतल माझ्या शेजारी खाली बसून राहिली. म्हणाली, 'मॅडम, हे आपल्याले लढू देत नाही अन् जिंकाले सांगून राह्यले.'

सभेनंतर कुलूप उघडलं, तेही फीत बांधून, टाळ्या वाजवून. आत माती दगडासारखी झाली होती आणि मॅट उंदरांनी कुरतडली होती. त्याच दारात उभं राहून त्यांनी फोटो काढले. चाचणीला दोन दिवस उरले होते.

अमरावतीला शीतल शेवटच्या कुस्तीपर्यंत गेली. समोर अकोल्याची पोरगी, अंगानं भरलेली पण दमानं कच्ची. शीतल एका गुणानं पुढे होती आणि वेळ संपत आली होती. तिनं पट धरला, अगदी तुम्ही शिकवला तसा, खांदा आत घालून. ती पोरगी मागे मागे जायला लागली. आणखी थोडं रेटलं असतं तर ती रिंगणाबाहेर, आणि कुस्ती आपली. मी उभी राहिले होते.

आणि शीतल थांबली. एकदम थांबली आणि पकड सोडली. ती पोरगी फिरून तिच्या पाठीवर आली. दोन गुण गेले. शिटी वाजली.

बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. मी चिडून विचारलं, काय झालं तुला? काहून सोडलंस? ती म्हणाली, 'मले भिंत दिसली, मॅडम.'

वस्ताद, मी तिचं डोकं पोटाशी धरून उभी राहिले.

आम्ही गावात पोचायच्या आधी चौकात फ्लेक्स लागला होता. 'अमरावती येथे द्वितीय. वस्तादांच्या चरणी अर्पण.' मध्ये फेट्यातले अध्यक्षसाहेब, कोपऱ्यात तुम्ही, आणि शीतलचा फोटोच नाही. तिचा बाप तो फ्लेक्स बघून हसला आणि पातूरला घेऊन गेला तिला. मी त्याच्याकडे दोनदा जाऊन आले. या रविवारी परत जाणार आहे. तो नाही म्हणाला तर पुढच्या रविवारी.

तुम्ही आजारपण लपवलंत. छातीत दुखायचं आणि 'गॅस हाय' म्हणत सोडा पीत राहिलात. थोडं आधी सांगितलं असतं तर मीही काही बंदोबस्त करून ठेवला असता. तुमच्यासारखं मी करणार नाही. काल सगळ्या पोरींना चाचींच्या दारात बसवून, चाचींच्या साक्षीनं सांगून ठेवलं: मी मेले तर दुपारपर्यंत मला पोचवून या, आंघोळी करा आणि संध्याकाळी कुस्ती धरा. माझ्यासाठी एक दिवसही तालीम बंद केली, तर ती माझी बेइज्जती समजा. हे वचन मी तुम्हालाही देते.

तुमची,
रमा