एक बोट कमी

मामा, काल आपल्या ग्राउंडवरची तुमची रिंग खाली उतरवली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, कधी एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसले ती भांडायला. आता भांडण म्हणावं तरी कसं? मधेच हसू फुटतंय आणि मधेच ट्रॅकसूटच्या बाहीनं डोळे पुसावे लागताहेत. माणसानं इतकं आतल्या गाठीचं असू नये, मामा. मला तरी सांगायचं होतं. पण थांबा, आधी माझं म्हणणं पहिल्यापासून ऐका. तुम्ही असताना मला पूर्ण वाक्य कधी बोलू दिलं नाही, आज बोलणार.

तुम्ही माझे मामा नव्हता, पण अख्खं परतूर तुम्हाला मामाच म्हणायचं. देशाच्या जर्सीत बास्केटबॉल खेळलेला माणूस, ज्याचे फोटो एके काळी पेपरात यायचे, तो नोकरी संपवून, एक गुडघा कामातून घालवून गावात परत आला आणि स्टेशनच्या पलीकडे मोकळ्या जागेत सकाळी सकाळी कुदळ घेऊन उभा राहिला. लोकांना वाटलं, म्हातारा भाजीपाला लावून राह्यला. तुम्ही लावला खांब. खांबाला मोडक्या ट्रकचा फाळका ठोकून बोर्ड केला आणि रिंग करून आणली आपल्या लोहारकाकांकडून, बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव, म्हणजे चाकावर चढवतात ती लोखंडी पट्टी, कापून, तापवून, वाकवून. त्या दिवशी निम्मं गाव जमलं होतं. मीही होते, शाळेचं दप्तर पाठीवर तसंच. तुम्ही लांब जाऊन उभे राहिलात, बॉल दोनदा आपटला आणि टाकला. बॉल रिंगला टण्णकन लागून बाहेर. पुन्हा टाकला, पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा बाहेर पडला तेव्हा गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "मामा, देशाकडून खेळले म्हन्ता, अन् परतुरात बॉल पडंना!" सगळे खदाखदा हसले. तुम्ही गुडघा चोळला आणि म्हणालात, "गुडघा दुखून राह्यला रे बाबा." मलाही तेव्हा हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू.

पुढे मग तो गावाचा चेष्टेचा विषयच झाला. कोणी पाहुणा आला की त्याला मुद्दाम ग्राउंडवर आणायचे, तुम्हाला बॉल टाकायला लावायचे. कधी पडायचा, बहुतेक वेळा पडायचा नाही. तुम्ही दर वेळी गुडघा चोळायचा. मामी तर घरी भाकरी थापता थापता म्हणायच्या, "त्यो गुडघा हाय का आजारी सासू? सारखा आपला दुखतोच!" तुम्ही ठेच्याला भाकरी लावत नुसते हसायचात. मी चुलीजवळ पाटावर बसून एका हातानं जेवतेय, दुसऱ्या हातानं बॉल आपटतेय, कारण तुमचा हुकूमच तसा. मामींच्या पिठाच्या परातीत बॉल गेला तर दोघांनाही शिव्या.

मला तुम्ही निवडलंत तेव्हा सगळ्यांत बुटकी मीच होते. जीप चालवणाऱ्याची पोरगी, परतूर–मंठा जीपच्या टपावरून सामान काढून देण्यात तरबेज. ते सामान फेकताना तुम्ही मला पाहिलंत. खाली ज्याचं गाठोडं त्याच्याच हातात पडत होतं. दुसऱ्याच दिवशी अण्णांना जीपमध्ये गाठून म्हणालात, "तुमची पोरगी मला द्या, सकाळ-संध्याकाळ." अण्णा म्हणाले, "घ्या की, घरात तरी काय उपेग हाय तिचा." माझ्या वडलांची माया ही अशी.

माझी जागा पॉइंट गार्डची, बॉल वाटणारीची; ती म्हणजे काय, हे तुम्ही मला बैलबाजारात शिकवलंत. तुमचे वडील तिथले दलाल, तुमचं लहानपण तिथंच गेलेलं. एका बाजूला घेणारा, एका बाजूला विकणारा, मधे दलाल, आणि हातांवर टाकलेला रुमाल. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतोय आणि दलाल मात्र आभाळाकडं बघत जांभई देतोय, जसा काही त्याचा या जगाशी संबंधच नाही. "बघ पोरी," तुम्ही माझ्या कानात सांगताय, "तोंड बघून काई कळून राह्यलं का? न्हाई ना? पास असाच द्यायचा. तोंड आभाळाकडं, काम बोटात. अन् ध्यानात ठेव, दलालाचा बैल नसतो. माल दुसऱ्याचा, गिऱ्हाईक दुसरं. आपुन फक्त जमवायचं. दोघं खूश होऊन घरला गेले पायजेत." मग परत आल्यावर तुम्ही माझ्या हातांवर तुमचा तो मळका रुमाल टाकलात आणि रुमालाखालून पास द्यायला लावलात. पहिला पास तुमच्या त्याच गुडघ्यावर बसला. तुम्ही "मेलो गं माय!" म्हणून खाली बसलात आणि हसत सुटलात. तेव्हाचा तो आवाज आजही माझ्या कानात आहे, मामा, आणि आजही तो ऐकला की मला बरं वाटतं.

एक मात्र खरं, आपल्या रिंगमध्ये लांबून टाकलेला बॉल सहसा जायचाच नाही. कोणाचाच नाही. त्यामुळे आम्हा पोरींना दुसरा इलाजच नव्हता. फिरवा बॉल, शोधा मोकळी पोरगी, घ्या जवळ, अगदी रिंगच्या खाली न्या आणि मग टाका. आमच्यातली उंच पोरगी, धान्याच्या मोंढ्यातल्या हमालाची, ती खाली उभी राहायची आणि मी तिला शोधायचे. आम्हाला वाटायचं, बास्केटबॉल असाच असतो. जगात सगळीकडे लोक असंच खेळतात. आम्ही दुसरी रिंग पाहिली होती कुठं?

ती पाहिली जालन्याला. विभागाच्या टीमची निवड त्या मॅचवरून होणार होती, आणि अण्णांनी आदल्या दिवशी मला समोर बसवून सांगितलं होतं, "नाव लागलं तर औरंगाबादच्या होस्टेलला धाडतो, खेळ अन् शिक. न्हाई लागलं तर बॉल मामाला परत. मंग घरातलं बघायचं, बास." अण्णा एकदा बास म्हणाले की बास. मी रात्रभर कूस बदलत होते. आणि सकाळी जालन्याच्या ग्राउंडवर पाऊल ठेवते तर काय, आगं बया! ती रिंग होती का परात! इतकी ऐसपैस. मी गंमत म्हणून लांबून बॉल टाकला, पडला. अजून लांबून टाकला, तोही पडला. माझं डोकंच फिरलं. मॅच सुरू झाली आणि मी पास द्यायचा विसरूनच गेले. टाक, पडला. टाक, पडला. बाहेर अण्णा टाळ्या वाजवताहेत. उंच पोरगी रिंगखाली हात वर करून उभी, तिच्याकडं कोण बघतंय. मला दिसत होतं फक्त होस्टेल.

मध्यंतरात तुम्ही मला बाजूला घेतलंत. आवाज चढवला नाहीत, तेच जास्त लागलं. "लै गोड लागून राह्यलं का?" मी म्हटलं, "मामा, सिलेक्शन हाय, पॉइंट दिसले पायजेत." तुम्ही म्हणालात, "दलालच बैल घ्यायला लागला तर बाजार उठला म्हणून समज. बस इथं." आणि मला बसवलंत. बसवलंत, मामा! निवड समितीची माणसं समोर, अण्णा तिकडे उभे, माझं सगळं आयुष्य त्या ग्राउंडवर, आणि मी बाकावर. मी रडत होते आणि तुम्हाला मनातल्या मनात जितक्या शिव्या येत होत्या तितक्या देत होते. तुम्ही माझ्याकडं न बघता नुसता तो रुमाल माझ्या हातांवर टाकलात. ग्राउंडकडं बघत म्हणालात, "मी जन्मभर असाच खेळलो. मोकळा गडी दिसायचा, तरी बॉल मीच टाकायचो. लोकांनी लै टाळ्या वाजवल्या. पन टीममदला एक गडी न्हाई आला कधी मला भेटायला." आणि मग, "जा. जमव."

मी गेले आणि जमवलं. कशी खेळले ते आठवत नाही, पण कोणाकोणाचे हात मोकळे होते ते आजही सांगेन. मागे पडलो होतो, ते बरोबरीला येत गेलो. अगदी शेवटी, एका पॉइंटनं मागे असताना बॉल माझ्या हातात. समोर रिंग मोकळी, ती परातीएवढी. टाकला असता तर पडला असता, मला माहीत आहे. मी वर आभाळाकडं बघितलं. एक घार फिरत होती. आणि बॉल माझ्या हातांतून उंच पोरीकडं निघून गेला. अडवायला आलेल्या दोन्ही पोरी माझ्याबरोबर वर घार बघत राहिल्या. उंच पोरीनं बॉल टाकला, तो रिंगवर एक चक्कर मारून आला, थांबला, आणि बाहेर पडला. शिट्टी झाली. आम्ही हरलो.

आणि तुम्ही तो दुखरा पाय ओढत, पळत, अक्षरशः नाचत ग्राउंडमध्ये आलात! "वा गं माझी दलालीण! वा!" जिंकलेली टीम गप्प उभी आणि हरलेल्या टीमचा म्हातारा नाचून राह्यलाय. उंच पोरगी रडत होती, तिच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारलीत की तिचं रडणंच थांबलं. बाहेरच्या गाड्यावरून गरम जिलेबी आणलीत. अण्णा आले, बघतात तर आम्ही बोटं चाटतोय. "हारल्या ना ह्या? मंग जिलेबी कायची? येड लागलं का काय समद्यांला?" तेवढ्यात माइकवर नावं वाचायला लागले. उंच पोरीचं नाव आलं. आणि मग माझं आलं. निवड समितीतले एक गृहस्थ मुद्दाम आपल्यापर्यंत चालत आले आणि तुम्हाला विचारलं, "ही पोरगी वर काय बघत होती हो?" तुम्ही म्हणालात, "भाव." अण्णांनी जिलेबीचा तुकडा उचलून तोंडात टाकला. त्या तुकड्यावर मी आजवर जगतेय, मामा. होस्टेल, शिक्षण, इथल्याच शाळेत खेळ शिकवायची नोकरी, ह्या माझ्या पोरी, सगळं त्या एका न टाकलेल्या बॉलमधून आलं.

तर आता काल. पंचायत समितीकडून नव्या रिंगा आल्या, बोर्डासकट. जुनी उतरवायला लोहारकाका मुद्दाम आले, काठी टेकत, "माझ्या हातची हाय, मीच बघनार" म्हणत. पोरींनी जुनी रिंग खाली ठेवली, नवीच्या शेजारी. मी बघते तर जुनी लहान. उचलून नवीवर ठेवली तर ती आत जाऊन बसली, चौफेर एक बोट फट राहिली. मी काकांकडं बघितलं. काका दुसरीकडंच बघायला लागले.

"काका, हे काय?"

"आता काय सांगू बाई तुला." काका खालीच बसले. "मामानं सुतळीचं माप दिल्तं, बराबर दिल्तं. पन धाव म्हंजी मापापरीस कमीच ठिवायची असती. तापवली की फाकती, चाकावर चढिवली अन् पानी मारलं की आवळती. जलमभर तेच केलं. हात बसलेला. ठिवली कमी."

"पण काका, ह्याच्यात चाक कुठं होतं?"

"तेच तर! हात इचारतो का मानसाला?" म्हणून काका स्वतःच हसायला लागले. मग हसता हसता थांबले. म्हणाले, रिंग लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही भट्टीवर आला होता, सुतळी घेऊन. शिडी लावून मोजून आला होता. काका म्हणाले, दुसरी करून देतो, फुकट देतो. तुम्ही सुतळी गुंडाळून खिशात टाकलीत आणि म्हणालात, "राहू दे. हिच्यात एकट्याचा बॉल जात न्हाई. पोरी एकमेकीला धुंडाळत्याल. पन कोनाला सांगू नको, न्हाई तर झाकली मूठ गेली."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं, मामा. पहिल्या दिवसापासून. लोक हसले, पाहुण्यांना आणून आणून हसवलं, मी हसले, मामी हसल्या, आणि तुम्ही, देशाकडून खेळलेला माणूस, एका शब्दानं सगळ्यांची तोंडं बंद करू शकला असता. रिंगच लहान हाय, एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही गुडघा चोळत बसलात. तुमचं नाव घालवलंत आणि आम्हाला खेळ दिलात. मला राग आलाय, खूप राग आलाय, आणि इतकं प्रेम येतंय की आत्ता तुम्ही समोर असता तर पाया पडले असते आणि मग तोच गुडघा फोडला असता.

हे पत्र काही कुठं टाकायचं नाही. शिट्टीबरोबर किटबॅगेत राहील. पण एक सांगून टाकते. नवी रिंग एकाच बाजूला बसवली. दुसऱ्या बाजूला तुमचीच परत चढवली, काकांनी स्वतः बोल्ट आवळले. पोरींनी विचारलं तर सांगितलं, दोन्ही बराबर आहेत. मग त्यांनी हट्ट धरला, "मॅडम, तुम्ही टाकून दाखवा ना, लांबून." मी जुन्या रिंगसमोर जाऊन उभी राहिले, बॉल दोनदा आपटला आणि टाकला. टण्णकन बाहेर. पुन्हा टाकला, पुन्हा बाहेर. सगळ्या फिदीफिदी हसायला लागल्या. एक तर म्हणाली, "मॅडम, तुम्ही खरंच विभागाकडून खेळलेल्या का?"

मी खाली वाकून गुडघा चोळला. मामा, माझे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत.