बंद घरात राहणाऱ्या मालकाची सोय मालकाने करणेबाबत

प्रति,
मा. गृहनिरीक्षण अधिकारी,
नगर कार्यालय, हॉथॉर्न ग्रोव्ह, मिशिगन.

विषय: घरमालकाने घरात राहणाऱ्यास ऊबदार निवारा द्यावा, असा लेखी आदेश मिळणेबाबत. (दोघे एकच.)
संदर्भ: दारावर चिकटवलेली आपली लाल नोटीस, दि. १२ जानेवारी २०२६.

महोदया,

आपल्या खिडकीवर 'कोणत्याही भाषेत अर्ज चालेल' अशी पाटी आहे आणि इंग्रजीत अर्जदाराची डाळ आजवर शिजलेली नाही. म्हणून हा मराठी अर्ज.

१. अर्जदार पुरुषोत्तम देवपुजारी, मूळचे नागपूरचे, राहणार ट्रॉय, नोकरीने सॉफ्टवेअरवाले व हौसेने घरमालक. भाड्यावर आरामात कसे जगावे याचे दोन दिवसांचे शिबिर केल्यावर त्यांनी आपल्या हद्दीत एक जुने घर कर्ज काढून घेतले. दुरुस्तीचे पैसे बँक टप्प्याटप्प्याने देणार होती. पहिल्या टप्प्यात घर गरम ठेवणारी जुनाट फर्नेस बदलायची होती. परंतु फर्नेस जाहिरातीच्या फोटोत दिसत नाही, स्वयंपाकाचा दगडी ओटा दिसतो. अर्जदारांनी ओटा केला.

२. शाळेत शिकवणाऱ्या नैना कुरियन नाताळात तेथे भाड्याने आल्या. आठव्या दिवशी फर्नेस बंद पडली. त्यांनी तसे कळवले असता अर्जदारांनी उलट कळवले, की स्वेटर हाही थंडीवरचा मान्य उपाय आहे. मग त्या आपल्याकडे आल्या. आपण घरातले तापमान मोजले (४६ अंश फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम आठ सेल्सिअस), घर राहण्यास बंद केले आणि राहणाऱ्याची सोय मालकाने स्वखर्चाने करावी असे फर्मावले. बँक म्हणते, घर खुले झाल्याशिवाय पुढचे पैसे नाहीत; पैशांशिवाय फर्नेस नाही.

३. हॉटेलचा खर्च वाचावा म्हणून अर्जदारांनी नैनाबाईंना ट्रॉयला स्वतःच्याच घरी आणले. पत्नी सौ. आसावरी यांचे त्यांच्याशी चांगलेच जमले. महिनाअखेरीस अर्जदारांनी भाड्याच्या बिलात 'पोहे, नऊ वेळा' अशी रक्कम लावली. ते बिल आसावरींनी वाचले. "पाहुणीकडून पोह्यांचे पैसे घेतोस? त्या गारठ्यात एकदा तूच राहून ये," असे म्हणून त्यांनी अर्जदारांची बॅग दाराबाहेर ठेवली. समजूत घालायला शेजारचे शिवकाका आले, तेही पोहे खाऊन पलीकडच्या पक्षात गेले.

४. तेव्हापासून अर्जदार ओट्याशेजारी झोपतात. ओटा देखणा आहे. काल आपले निरीक्षक आले व बंद घरात राहिल्याबद्दल दंड ठोकून गेले. नियम सर्वांना सारखा असेल, तर मालक देवपुजारी यांनी राहणारे देवपुजारी यांची सोय करणे भाग आहे. मालक तयार आहेत, मालकीणबाई नाहीत.

५. आज सकाळी नळ गोठला. तोंडात टूथपेस्ट धरून उभे असताना, नैनाबाई इथे दहा दिवस राहून रोज वेळेवर शाळेत कशा पोचल्या असतील, हा विचार अर्जदारांना प्रथमच शिवला. दुपारी त्यांनी आपली गाडी विकून फर्नेसची ऑर्डर दिली. बसवणारा माणूस दोन आठवड्यांनी येईल.

तरी मधल्या दोन आठवड्यांपुरता आदेश काढावा व त्यावर जमेल तेवढा मोठा शिक्का मारावा. सौ. आसावरी सहीला जुमानत नाहीत.

थंडीने बोटे आखडल्यामुळे खालची सही वाकडी आहे, ती अर्जदारांचीच समजावी,
पु. देवपुजारी
दि. ११ फेब्रुवारी २०२६

सोबत:
१) फर्नेसच्या ऑर्डरची पावती
२) नैना कुरियन यांचे ना हरकत पत्र
३) सौ. आसावरी देवपुजारी यांचे ना हरकत पत्र (मिळाल्यास सादर करू)